दिवसाच्या मापाचं पाणी

वाचक भगिनीचं पत्र:

ताई, सलाम. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. माझे मिस्टर साखर कारखान्यावर ट्रक चालवायचे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं डायलिसिसला घेऊन जाते. डॉक्टरांनी दिवसाला साडेसातशे मिली पाणी सांगितलंय, चहा-आमटी धरून. रात्री ते पाणी मागतात, मी नाही म्हणते. परवा मी इतकी ओरडले की ते भिंतीकडे तोंड करून झोपले. फ्रीज विकला, मंगळसूत्र गहाण आहे. गटाच्या कर्जाचे वसुलीवाले रात्री आठ वाजता दारात येऊन बसतात. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी विचारलं की मी सांगते, ‘प्रभूच्या कृपेनं सगळं बरं आहे.’ एक भगिनी म्हणाली, घरात लपलेलं पाप असेल, कबूल करा आणि समाधानानं राहायला शिका, प्रेषित पौल तुरुंगातसुद्धा आनंदी होता. माझ्या बहिणीनं बंगला बांधला. त्याच्या समर्पणाच्या उपासनेत मी गीत गायले आणि आतून जळत होते. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. ताई, माझ्यात समाधान नाही, म्हणजे माझ्यात विश्वासच नाही का?

– एक भगिनी

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलते. नाही. समाधान वाटत नाही म्हणून विश्वासच नाही, असं पवित्र शास्त्र कुठंही म्हणत नाही. आणि तुमच्या यजमानांच्या किडन्या कुणाच्या लपलेल्या पापामुळे गेल्या हे सांगण्याचा अधिकार त्या भगिनीला नाही, मला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारलं होतं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभूनं दोन्ही नाकारलं. योहानाचा 9 वा अध्याय उघडून बघा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते, तोवर त्यांचं बरोबर होतं. मग ते बोलू लागले, पाप शोधू लागले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांनाच म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि त्या ईयोबानं तर आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता!

मी 31 वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची 11 वर्षं डायलिसिस विभागात. किडन्या बहुतेक वेळा साखरेनं आणि रक्तदाबानं जातात, वर्षानुवर्षं, काही न दुखता. पेशंटला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. रात्रंदिवस ट्रकवर असलेल्या माणसाला रक्तदाब तपासायला कोण सांगतं? हा आजार आहे, शिक्षा नाही. हे तुमच्या यजमानांनाही स्पष्ट शब्दांत सांगा. त्या भगिनीचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं असेल, आणि ते तुमच्याशी त्यावर बोलत नसतील.

आता तुमचं ते शेवटून दुसरं वाक्य, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं ते. त्यावरून मी पुढं जाऊ शकत नाही. हे वाटतंय एवढ्यानं तुम्ही वाईट ख्रिस्ती ठरत नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाला हेच म्हणाला, आता पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं. देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. चाळीस दिवसांची चाल नंतर. तुम्ही दीड वर्षात सलग किती रात्री झोपलात, हे पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. आठवड्यातून दोन रात्री कुणाला तरी, मुलाला, दिराला, जावेला, यजमानांजवळ झोपायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. डायलिसिसच्या डॉक्टरांना तुमचंही मन सांगा. आणि एखाद्या रात्री ते वाटणं जास्तच झालं, तर 14416 या टेली मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करतच फोन करा, त्यात काही विरोध नाही.

आता पौलाकडे वळते, कारण त्याचंच नाव घेऊन तुम्हाला गप्प केलं गेलंय.

पौल तुरुंगात आनंदी होता हे खरं. पण फिलिप्पैकरांस लिहिलेलं ते पत्र मुळात कशासाठी आहे बघा. त्या काळी रोमी कैद्याचं खाणंपिणं, कपडालत्ता बऱ्याच अंशी बाहेरच्या माणसांवर अवलंबून असे. फिलिप्पैच्या मंडळीनं वर्गणी काढून एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलासाठी मदत पाठवली. वाटेत की पोहोचल्यावर, तो माणूस मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. त्या मदतीबद्दल आभार मानणारं, तिची पोच देणारं हे पत्र आहे. चौथ्या अध्यायात ‘मला सर्व काही मिळालं’ असं पौल म्हणतो, तिथं त्यानं वापरलेला ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर लिहीत. समाधानावरचं सगळ्यात प्रसिद्ध वचन आहे ना, ते पैसे मिळाल्याच्या पावतीच्या शेजारी लिहिलेलं आहे. ‘मला कसलीच गरज नाही, मदत परत न्या’ असं पौलानं कळवलं नाही. मी संतुष्ट राहायला शिकलोय, असं सांगून तो लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगलं केलं.

आणि तो ‘शिकलो’ म्हणतो. हा शब्द मला फार प्रिय आहे. दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटला, प्रकाश पडला आणि समाधानही मिळालं, असं झालं नाही. भूक आणि भरलेलं ताट, दोन्हींतून जाऊन, वर्षानुवर्षं फटके खाऊन तो शिकला. तुम्हाला दीड वर्ष झालंय. एवढ्यात नापास झाल्यासारखं कशाला वाटून घ्यायचं?

समाधानासाठी त्यानं जो शब्द घेतला तोसुद्धा बाहेरचा होता. त्या काळचे ग्रीक तत्त्वज्ञ ज्याला कुणाचीच गरज नाही अशा माणसाला तो शब्द लावत. पौलानं तो घेतला आणि पुढच्याच ओळींत त्याचा अर्थ फिरवला, मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे हे जमतं. कॅलेंडरवर आणि गाड्यांच्या काचांवर आपण जे वचन लावतो, सर्व काही करता येतं म्हणून, ते याच ठिकाणचं आहे. परीक्षेत पहिला नंबर येण्याशी त्याचा संबंध नाही. उपाशी राहणंही जमतं आणि पोटभर जेवणंही जमतं, कारण कोणीतरी सोबत आहे, एवढंच तो सांगतोय.

आपण मराठीत जेवताना वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणतो, आणि सहन होईनासं झालं की तेव्हाही ‘पुरे’ म्हणतो. एलीयानं दुसरं पुरे म्हटलं. पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ एका पुरेपासून दुसऱ्या पुरेपर्यंत जायला वेळ लागतो. मधल्या वाटेवर माणूस रडतो. प्रभूनं स्वतः गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून एकदा नाही, तीनदा मागितलं.

म्हणून रविवारचं ते वाक्य सोडा. ‘सगळं बरं आहे.’ बरं नाहीये. मंडळीच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला सगळं सांगायची गरज नाही, पण खोटं सांगायचीही नाही. ‘प्रभू सोबत आहे, पण फार जड जातंय, प्रार्थना करा’ एवढं म्हणता येतं. हेही साक्षच आहे, आणि खरी साक्ष आहे. तुमच्यासारखीच दुसरी एखादी शेवटच्या बाकावर बसलेली असेल, तिला पहिल्यांदा वाटेल की आपण एकट्या नाही.

देवाशी मात्र काहीच राखून ठेवू नका. स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं आहे. त्यात दावीद ‘कोठवर’ असं चारदा विचारतो. 88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधार या शब्दावर संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाच्या घरात गायलं गेलेलं आहे. कुरकुर वेगळी आणि हे वेगळं. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती आपापल्या तंबूत बसून, देवाच्या पाठीमागे, ‘त्याला आमचा द्वेष आहे’ म्हणत. दावीदानं तेच दुःख देवाच्या तोंडावर सांगितलं. तुम्हीही तोंडावर सांगा. झोपण्याआधी 13 वं स्तोत्र यजमानांबरोबर मोठ्यानं वाचा, एक ओवी त्यांनी, एक तुम्ही. ज्या रात्री शेवटची आनंदाची ओवी म्हणवत नसेल, त्या रात्री ती त्यांना म्हणू द्या.

कर्जाचं आणि कागदपत्रांचं आता बोलते. समाधान म्हणजे होईल ते मुकाट सोसणं, असा समज आपल्या मंडळ्यांत फार आहे, आणि तो बायकांनाच जास्त भोवतो. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गीतं गात होते, हे संडे स्कूलच्या मुलांनाही माहीत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मात्र फार कमी जण सांगतात. अधिकाऱ्यांनी गुपचूप निरोप पाठवला, सोडलंय, निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारले, आता चोरून बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. ते आले. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा हा एकच माणूस आहे. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. विशीच्या आतच दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढं भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. एवढं सोसलेली बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि विधवा घेऊन आली. त्याच सुमारास पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल तिनं उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. प्रभूवर भरवसा ठेवून बसलेली बाई अशी दिसते.

तेव्हा वसुलीवाल्यांबद्दल मी सांगते ते ऐका. गटाचं कर्ज मायक्रोफायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर तगादा लावता येत नाही. धमकी देता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा असतो, लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच घरी यायची मुभा असते. तुमच्या कर्जाच्या कार्डावर तक्रारीसाठी नाव आणि नंबर छापलेला असतो. तिथं फोन करा, आजाराचे कागद दाखवून हप्ता कमी करून मागा, जे काय ठरेल ते लेखी घ्या. कर्ज बुडवायला मी सांगत नाही, घेतलंय ते फेडायचं. पण रात्री आठ वाजता आजारी माणसाच्या दारात बसायचा हक्क कुणालाही नाही.

डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात एक आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. योजनेतून उपचार चालू असताना त्याच उपचाराचे वेगळे पैसे कुणी मागत असेल, तर आधी आरोग्यमित्राशी बोला. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट लागतं हे तुम्हाला माहीत असेलच. डायलिसिसच्या रुग्णालाही सवलत असते, आगारात जाऊन चौकशी करा.

मदत घेण्याबद्दल माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या यजमानांना अपघात झाला, ते चार महिने पलंगावर होते. महिला मंडळाच्या बायका पीठ आणि तेल घेऊन आल्या. मी दारातच त्यांना सांगितलं, ‘प्रभूनं भरपूर दिलंय, आम्हाला काही कमी नाही,’ आणि परत पाठवलं. त्या दिवशी घरात ज्वारी संपलेली होती. रात्री मुलांना मी तांदळाची पेज पाजली आणि मनात म्हटलं, मी विश्वासाची साक्ष दिली. तो विश्वास नव्हता, अभिमान होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी एकट्याच आल्या, न विचारता थेट स्वयंपाकघरात गेल्या, पिठाचा डबा मांडणीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘पौलानं घेतलं होतं. तू कोण मोठी लागून गेलीस?’ मी खाली बसून रडले. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. समाधान म्हणतात ते हेच असावं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

बहिणीच्या बंगल्याचं थोडक्यात सांगते. तिथं जळलात ते तुम्ही कबूल केलंत, म्हणजे निम्मं काम झालं. बहिणीशी बोला. तिच्या घराबद्दल बोलायची गरज नाही, तुमच्या घराबद्दल बोला. तुमचं मंगळसूत्र गहाण आहे हे तिला माहीत आहे का? मला वाटतं, नाही.

शेवटी पाण्याचं. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तुमच्या घरात खरं युद्ध तिथं चाललंय.

डॉक्टरांनी साडेसातशे मिली सांगितलंय ना, मग रोज सकाळी तेवढं पाणी मापून एका बाटलीत भरा आणि यजमानांच्या हातात द्या. त्यांच्या हातात, तुमच्या नाही. चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून काढून टाकायचं, आमटी घेतली की वाटीभर काढायचं. आता ते तुमच्याकडे पाणी मागणार नाहीत, तुम्ही नाही म्हणणार नाही. किती उरलंय हे त्यांना दिसेल, आणि पुरवून पुरवून प्यायचं की दुपारीच संपवायचं हे ते ठरवतील. पहिले चार-पाच दिवस दुपारीच संपेल, चिडतील. मग शिकतील. मोठा तांब्या नको, औषधाच्या मापाएवढी छोटी वाटी द्या. लोणचं, पापड, खारी, फरसाण बंद. मीठ जितकं कमी तितकी तहान कमी. गुळण्या करायच्या आणि थुंकायचं. माझ्या विभागात एक शेतकरी बाबा यायचे, ते बर्फाचा एक खडा गालात धरून पंधरा मिनिटं काढायचे, डोळे मिटून. एका खड्यात तीन-चार चमचे पाणी असतं, पण तेवढंच पाणी घोटभर प्यायलं तर एक मिनिटही पुरत नाही. मात्र बर्फही मापात धरायचा, हे विसरू नका.

इस्राएल लोकांना देवानं दिलेला मान्ना, ते रोजचं अन्न, आठवतो ना? रानात प्रत्येकाला दिवसाचं माप मिळायचं, उद्यासाठी साठवलं की त्यात किडे पडायचे. मी त्या विभागात असताना निर्गमचा 16 वा अध्याय पुष्कळदा वाचला. माझ्यासमोर माणसं खरोखर मापाचं पाणी घेऊन दिवस काढत होती. त्यांतले काही जण कडवट झाले, काही विलक्षण शांत झाले, आणि शांत झालेल्यांच्या बाटल्या काही मोठ्या नव्हत्या. फरक कशानं पडला ते मी एका वाक्यात सांगू शकत नाही. एवढंच पाहिलं की त्यांच्याजवळ कुणीतरी बसलेलं असायचं.

ओरडलात त्याची यजमानांजवळ माफी मागा. बाटली त्यांच्या हातात देताना मागा, लांबवू नका.

विकलेल्या फ्रीजचं वाईट वाटून घेऊ नका. 2 राजेच्या चौथ्या अध्यायात एक विधवा आहे, सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला होता. अलीशा संदेष्ट्यानं तिला आधी विचारलं, घरात काय आहे? मग सांगितलं, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नको. शेजारणीच्या फ्रीजमध्ये एक बर्फाचा ट्रे मावेल. आज संध्याकाळीच मागायला जा.

यजमानांना माझा सलाम सांगा.

तुमची,
ताई